जिल्हा पालकमंत्री (बेळगाव सीमाभाग)

कर्नाटक मंत्रिमंडळातल्या एखाद्या मंत्र्याकडे स्वतःच्या खात्याखेरीज एका जिल्ह्याची देखरेखही सोपवलेली असते. त्याला कन्नडमध्ये ‘जिल्हा उस्तुवारी सचिव’ म्हणतात. बेळगावची मराठी वृत्तपत्रे ‘पालकमंत्री’ लिहितात, जो महाराष्ट्रातला शब्द. मूळ कन्नड नाव मराठी माणसाला हमखास चकवते. आपल्याकडे सचिव म्हणजे मंत्रालयातला सनदी अधिकारी. कन्नडमध्ये सचिव म्हणजे खुद्द मंत्री, आणि आपल्या सचिवाला तिथे ‘कार्यदर्शी’. मंत्रिमंडळ म्हणजे ‘सचिव संपुट’. कन्नड पत्रकाचा मजकूर घाईत मराठीत उतरवला की मंत्र्याचा अधिकारी होतो, आणि आदेश कोणी दिला याचा पत्ता लागत नाही.

या पदाचा राज्यघटनेत उल्लेख नाही. मुख्यमंत्री साध्या आदेशाने नेमणूक करतात आणि तशीच बदलतात. मंत्र्यांच्या संख्येला मात्र घटनेचा लगाम आहे. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीनुसार मंत्रिमंडळ विधानसभेच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांपलीकडे जाऊ शकत नाही. २२४ जागांच्या कर्नाटकात मुख्यमंत्र्यांसह ३४ मंत्री होतात. बेळगाव जिल्ह्यात विधानसभेच्या १८ जागा आहेत. बेंगळुरू शहर जिल्हा सोडला तर एवढ्या जागा कुठेच नाहीत. साहजिकच मंत्रिपदासाठी इथे कायम रस्सीखेच, आणि पालकमंत्री कोण यावर दुसरी.

मे २०२३ मध्ये आलेल्या सिद्धरामय्या मंत्रिमंडळात यमकनमर्डीचे सतीश जारकीहोळी यांच्याकडे सार्वजनिक बांधकाम खाते आणि बेळगावचे पालकमंत्रिपद आले. बेळगाव ग्रामीणच्या लक्ष्मी हेब्बाळकर महिला व बालकल्याण मंत्री झाल्या, पण पालकत्व मिळाले ते थेट किनाऱ्यावरच्या उडुपीचे. ही वाटणी नवी नाही. याआधी हुबळीचे जगदीश शेट्टर आणि मुधोळचे गोविंद कारजोळ या बाहेरच्या नेत्यांनीही बेळगावचा कारभार पाहिला आहे. जिल्ह्यातल्या दोन घराण्यांत ओढाताण असली की तिसऱ्या गावचा माणूस आणून बसवणे बेंगळुरूला सोयीचे पडते.

पालकमंत्री नसला तर काय होते, हे ऑगस्ट २०१९ मध्ये दिसले. २६ जुलैला शपथ घेतलेल्या येडियुरप्पांनी २० ऑगस्टपर्यंत एकही सहकारी घेतला नव्हता. नेमक्या त्याच दिवसांत कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा आणि मार्कंडेय यांना पूर आला. चिकोडी, अथणी, गोकाकची गावे पाण्यात आणि मंत्रिमंडळात मुख्यमंत्री एकटे. मदतकार्य जिल्हाधिकाऱ्यांनी आणि आपत्ती निवारण दलांनी सांभाळले, पण राजकीय जाब विचारायला जिल्ह्यात कोणीच नव्हते.

पदाचा रोजचा गाभा म्हणजे केडीपी बैठक, अर्थात कर्नाटक विकास कार्यक्रमाचा त्रैमासिक आढावा. पालकमंत्री अध्यक्षस्थानी, शेजारी डीसी (जिल्हाधिकारी) आणि जिल्हा पंचायतीचे सीईओ, समोर खातेप्रमुखांच्या रांगा. प्रत्येकापुढे प्रगती अहवालाची जाडजूड पुस्तिका. कृषी, आरोग्य, शिक्षण, पशुसंगोपन, हेस्कॉम (सरकारी वीज कंपनी) असे एकेक खाते उभे राहते. खर्च किती, शिल्लक किती, काम का अडले. सगळे कन्नडमध्ये. खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या पुलाचा किंवा बेळगाव तालुक्यातल्या मराठी शाळेच्या गळक्या खोलीचा विषय आमदाराने काढला तरच निघतो. बाहेर जिन्यावर माणसे निवेदनाचा कागद घेऊन थांबलेली असतात. कागद बहुधा दोन असतात: मराठी गावच्या समाधानासाठी, कन्नड पोच मिळावी म्हणून.

भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा त्याहून अधिक असलेल्या भागात परिपत्रके त्यांच्या भाषेतही द्यावीत, असा नियम आहे. मराठी संघटना प्रत्येक नव्या पालकमंत्र्याला तो ऐकवतात. आश्वासन मिळते, उतारे, नोटिसा आणि बसच्या पाट्या कन्नडच राहतात.

सर्वांत अवघड दिवस १ नोव्हेंबर. राज्योत्सवात, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापना दिनी, पालकमंत्री ध्वज फडकावून भाषण करतात. त्याच सकाळी मराठी भाषक १९५६ च्या राज्य पुनर्रचनेचा निषेध म्हणून काळा दिन पाळतात आणि काळ्या कपड्यांत सायकल फेरी काढतात. एकाच शहरात, एकाच वेळी, एका तारखेचे दोन अर्थ.

वर्षातून एकदा अख्खे मंत्रिमंडळच बेळगावात येते. येथे विधिमंडळाचे पहिले अधिवेशन २००६ मध्ये झाले. हलग्याजवळ महामार्गालगतच्या सुवर्ण विधानसौधचे उद्घाटन ११ ऑक्टोबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते झाले. हिवाळी अधिवेशनाच्या साधारण दहा दिवसांत हॉटेले भरतात आणि जवळच आंदोलकांचे तंबू पडतात: ऊसउत्पादक, अंगणवाडी सेविका, आरक्षणाची मागणी करणारे समाज. सीमाभाग महाराष्ट्रात जावा म्हणून लढणारी महाराष्ट्र एकीकरण समिती या अधिवेशनाला उत्तर म्हणून महामेळावा घेते; २०२२ मध्ये त्याला परवानगी नाकारण्यात आली. समितीचे दोन आमदार २०१३ मध्ये निवडून आले होते. २०१८ आणि २०२३ मध्ये एकही नाही. राज्यातून बाहेर पडण्यासाठी निवडून आलेला आमदार त्याच राज्याच्या मंत्रिमंडळात बसण्याचा प्रश्न अर्थातच कधी आला नाही.

मुंबईच्या मंत्रिमंडळातही सीमाभागासाठी समन्वय मंत्री असतात. २०१९ मध्ये एकनाथ शिंदे व छगन भुजबळ, २०२२ मध्ये चंद्रकांत पाटील व शंभूराज देसाई. या दुसऱ्या जोडीचा ६ डिसेंबर २०२२ चा बेळगाव दौरा झालाच नाही; त्या दिवशी हिरेबागेवाडी नाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगडफेक झाली. महाराष्ट्राचा दावा असलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांना मुंबईने २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली, त्याला कर्नाटकाने हरकत घेतली. रस्ता, गटार आणि शाळेची खोली मात्र केडीपीच्या पुस्तिकेतूनच येते, म्हणून काळ्या दिनाच्या फेरीत चाललेला गावपुढारी पुढच्याच आठवड्यात पालकमंत्र्याच्या दारातही दिसतो.