अफू बंद केली म्हणे, पण बघून कोण आलं?

अफगाणिस्तानात अफूची लागवड थांबली अशी बातमी आली की पहिला प्रश्न हाच, खरं कशावरून? शंभरेक वर्षांपूर्वी हाच प्रश्न चीनबद्दल विचारला गेला, आणि विचारणारे कोण तर ब्रिटिश, ज्यांनी अफूच्या धंद्यापायी चीनशी दोनदा लढाई केली होती. आता काय बोलणार!

यात आपणही होतो बरं का. बिहार-बनारसकडची सरकारी अफू कलकत्त्याला लिलावात निघायची, आणि माळव्यातली, म्हणजे शिंदे-होळकरांच्या मुलखातली, टॅक्स भरून मुंबईहून जहाजात चढायची. हिंदुस्थान सरकारला त्यातून चिक्कार पैसा. आपल्या पुण्याच्या गोखल्यांनी १९०७ च्या बजेटवर बोलताना चिनी लोकांच्या बरबादीतून येणाऱ्या या पैशाची शरम वाटते असं तोंडावर सांगितलं होतं.

१९०६ मध्ये चीनच्या बादशहाने फर्मान काढलं, दहा वर्षांत अफू बंद. लंडनला पटेना. म्हणजे आम्ही माल थांबवायचा आणि तुमचे शेतकरी अफू पिकवून आमचं गिऱ्हाईक नेणार? शंका स्वार्थी होती पण अगदीच खोटी नव्हती, कारण तोवर चीनमध्ये बाहेरून यायची त्याच्या कितीतरी पट अफू घरचीच पिकत होती. मग असं ठरलं की १९०८ पासून चीनला जाणाऱ्या ५१,००० पेट्यांतून दरवर्षी ५,१०० कमी करायच्या, पहिली तीन वर्षं ट्रायल, आणि तेवढ्यात चीनने लागवड घटवून दाखवायची. चीनचा एक अधिकारी कलकत्त्याला लिलाव आणि पॅकिंग बघायला बसू शकत होता, पण नुसतं बघायचं, मधे बोलायचं नाही.

खरी गंमत शेतं तपासण्यात. पांढरी, लाल, जांभळी फुलं लांबून ओळखू येतात, पण ती टिकतात थोडे दिवस, मग बोंडाला चिरा मारून चीक काढला (अनारशाला लावतो ती खसखस याच बोंडातली) आणि रान नांगरलं की पुरावा संपला, त्यामुळे तपासणाऱ्याने नेमक्या दिवसांत पोचायचं आणि हमरस्ता सोडून आत शिरायचं. अलेक्झांडर होझी नावाचा ब्रिटिश वकिलातीतला जुना माणूस १९१०-११ मध्ये सहा प्रांत हिंडला. सिच्वान, जिथे सगळ्यात जास्त अफू व्हायची, तिथे जवळजवळ नाहीच, शान्शी साफ, पण शेन्सी आणि कान्सूत अजून बरंच पीक उभं.

मे १९११ च्या करारात मग अट आली, ज्या प्रांतातली अफू संपल्याचा पुरावा मिळेल तिथे भारतीय अफूही बंद, आणि पाहणी दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांनी जोडीने करायची. मला यातली हुशारी आवडते, प्रांताला साफ होण्याचं बक्षीस लगेच मिळत होतं. मधेच क्रांती होऊन राजघराणं गेलं तरी पाहण्या चालूच राहिल्या. १९१३ मध्ये आपल्याकडून चीनसाठीची विक्री थांबली, १९१७ मध्ये शेवटचे प्रांत पास झाले, आणि उरलेला साठा १९१९ च्या जानेवारीत शांघायला जाळला.

पण तपासणारे घरी गेले आणि लष्करी सरदारांना फौजेच्या पगारासाठी पैसा हवा होता. त्यांनी शेतकऱ्यांना पुन्हा अफू लावायला लावली, काही ठिकाणी तर न लावणाऱ्याकडून 'आळसाचा टॅक्स' घेतला.

आता फुलं सॅटेलाइटवरून मोजतात. २०२३ च्या संयुक्त राष्ट्रांच्या पाहणीत अफगाण लागवड २,३३,००० हेक्टरवरून १०,८०० वर आलेली दिसली, म्हणजे या वेळी बातमी खरी होती. त्याच वर्षी अफूत म्यानमार पहिल्या नंबरवर गेला.