'दुकान' या शब्दात काय काय मावतं?

ठाण्यात घोडबंदर रोडला भाड्याचं घर शोधायला मोबाइल उघडला की 'फक्त शाकाहारी', 'फक्त फॅमिली' या ओळी भेटतातच. पूर्वी एजंट हे फोनवर आवाज खाली आणून सांगायचा. आता त्यासाठी टिक करायची चौकट असते. असं करणं कायद्यात बसतं का, हा प्रश्न मात्र मोबाइलहून बराच जुना आहे.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने 1923 साली मंजूर केला. चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत यायला 20 मार्च 1927 उजाडावा लागला. पुढे राज्यघटनेच्या कलम 15(2) मध्ये विहिरी-तलावांच्या बरोबरीने दुकानं आणि हॉटेलंही आली, आणि हे बंधन सरकारपुरतं न ठेवता खासगी माणसावरही घातलं गेलं. 29 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी खुलासा केला, की 'दुकान' म्हणजे नुसता आत जायचा हक्क नव्हे. अटी मान्य असतील तर सेवा मिळण्याचा हक्क. जो सेवा देऊ करतो, तो सगळा त्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली याच अर्थाने खासगी शिक्षणसंस्थाही त्यात धरल्या. अ‍ॅप त्यात बसवायला मला तरी फारशी ओढाताण दिसत नाही.

अडचण पुढे आहे. कलमात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान एवढंच आहे. 'शाकाहारी' यांपैकी काहीच नाही (अर्थ सगळ्यांना कळतो, तो भाग निराळा). अस्पृश्यतेवरून सेवा नाकारणं 1955 च्या कायद्याने गुन्हा ठरलं. पण 2005 साली अहमदाबादच्या पारशी सोसायटीला सभासदत्व पारशांपुरतं ठेवायची मुभा सर्वोच्च न्यायालयानेच दिली. अपंगांच्या बाबतीत कायदा पुढे गेला: सर्वोच्च न्यायालयाच्या 30 एप्रिल 2025 च्या निकालाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. मोबाइलसमोर डोळे मिचकावता येत नाहीत म्हणून केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख-पडताळणी, अडणाऱ्यांचं ते प्रकरण होतं.

अ‍ॅपवाले म्हणतात, आम्ही नुसते मध्यस्थ. दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराची जबाबदारी मध्यस्थावर येऊ नये, हे संरक्षण माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 79 त्यांना देतंही, पण मजकुरात त्यांचा हात नसेल तरच. अमेरिकेत 2008 साली रूममेट शोधून देणाऱ्या एका संकेतस्थळाचं असंच संरक्षण गेलं, कारण लिंग आणि लैंगिक कल विचारणारा तक्ता त्यानेच बनवला होता. (2012 साली ते दुसऱ्या मुद्द्यावर सुटलं.) घोडबंदरच्या जाहिरातीतली चौकटही घरमालकाने आखलेली नसते.