सबवूफरची पेटी मागवण्याआधी: लिटर आतून मोजा

घरच्या स्टुडिओसाठी सबवूफरची पेटी स्वतः बांधणाऱ्यांना आम्ही प्लायच्या फळ्या मापात कापून आणि ड्रायव्हरचं, म्हणजे पेटीत बसणाऱ्या स्पीकरचं, भोक पाडून देतो. चिकटवणं, घासणं, रंग किंवा सनमायका तुमच्याकडे. हौसेने आणि मन लावून काम करणारे ग्राहक आम्हाला मिळतात. तरीही एक चूक पुन्हा पुन्हा येते, आणि तिच्यापायी अख्खी पेटी वाया जाते. हे पत्रक मुख्यतः तिच्यासाठी आहे.

चूक अशी की पेटीचे लिटर बाहेरच्या मापांवरून काढले जातात.

एका ग्राहकाला पोर्टवाली, म्हणजे हवा आत-बाहेर जायला पाइप बसवलेली, 46 लिटरची पेटी हवी होती. त्यांनी 36 सेंटिमीटर लांब, तेवढीच रुंद, तेवढीच उंच अशी मापं पाठवली. गुणाकार 46 लिटरच येतो, पण तो बाहेरचा. 18 मिमीचा प्लाय दोन्ही बाजूंनी धरला की प्रत्येक माप 36 मिमीने कमी होतं. आत उरतात 34 लिटर. त्यातले दोनेक लिटर ड्रायव्हरच्या मागच्या चुंबकाने आणि सांगाड्याने घेतले, एक लिटर आतल्या आडव्या पट्ट्यांनी, आणि एल्बो लावून वळवलेल्या चार इंची पीव्हीसी पाइपने आणखी चार. हवेला उरले 27 लिटर. समोरची फळी दुहेरी घेतली असती तर आणखी कमी.

पोर्ट 32 हर्ट्झला जुळवायचा होता. पाइप तोच आणि पेटी लहान, म्हणून तो 42 हर्ट्झच्या आसपास जाऊन बसला. बास गिटारची सर्वांत जाड तार मोकळी वाजवली की सूर 41 हर्ट्झचा येतो. म्हणजे नेमका तिथे आवाज फुगणार आणि त्याच्या खाली झपाट्याने पडणार. त्यावर मिक्सिंग करणारा माणूस बास जास्त आहे असं समजून तो कमी करतो, आणि गाणं दुसरीकडे वाजवलं की पोकळ लागतं. शिवाय पोर्टच्या सुराखाली कोनला, म्हणजे ड्रायव्हरच्या हलणाऱ्या पडद्याला, हवेचा आधार राहत नाही, तो गरजेपेक्षा जास्त हलतो आणि ड्रायव्हरला धोका होतो.

बंद पेटीत ही चूक थोडी सौम्य होते. समजा ड्रायव्हरच्या माहितीपत्रकात क्यूटीएस (त्याचं घुमणं किती आवरलेलं आहे तो आकडा) 0.40, व्हास (त्याच्याइतकीच लवचीक असणारी हवा) 60 लिटर आणि एफएस (त्याचा स्वतःचा नैसर्गिक सूर) 28 हर्ट्झ आहे. आत 28 लिटर दिले तर पेटीसकटचा क्यू (जितका जास्त तितका आवाज घुमतो) 0.71 येतो, म्हणजे आवाज सपाट आणि आटोपशीर. हेच 28 लिटर बाहेरून मोजले तर आत जेमतेम 17 राहतात आणि क्यू 0.85 वर जातो. उशीत भरतात तो पॉलिएस्टरचा कापूस सैलसर भरला की यातलं थोडं भरून निघतं. पोर्टवाल्या पेटीत मात्र कापूस भिंतींनाच लावा, पाइपच्या तोंडाशी नको.

म्हणून आधी आतली हवा ठरवा. तिच्यात ड्रायव्हर, पट्ट्या आणि पोर्ट यांची जागा मिळवा, मग प्लायची जाडी, आणि शेवटी बाहेरची मापं काढा. शंका असेल तर दोन लिटर जास्त धरा. मोठी झालेली पेटी आत लाकडाचे ठोकळे चिकटवून लहान करता येते, लहान झालेली वाढवता येत नाही. सुताराकडून काही करून घेणार असाल तर त्यालाही मिलिमीटरमध्येच सांगा. त्याचं पाऊण इंच 19 मिमीचं असतं, प्लाय 18 चा. अर्ध्या सुताची फटसुद्धा दीड मिमीची होते आणि तिथून हवा फुसफुसते.

चौकोनी ठोकळ्यासारखी पेटी चालेल का, हे बरेच जण विचारतात. चालेल. 80 हर्ट्झची लाट सव्वाचार मीटर लांब असते, दीड फुटाच्या पेटीत आकाराने तिला काही फरक पडत नाही. फरक खोलीने पडतो. बारा फुटांच्या खोलीत 47 हर्ट्झच्या आसपास आवाज घुमतोच, मग पेटी कितीही नीट असो. सबवूफर दोन-तीन जागी सरकवून ऐका. घरच्या स्टुडिओला आम्ही बंद पेटीच सुचवतो. खालच्या सुरांत पोर्टवाली पेटीचा आवाज दर सप्तकाला 24 डेसिबलने उतरतो, बंद पेटीचा 12 ने, आणि लहान खोलीच्या भिंती खालच्या सुरांना आधार देतात. शिवाय बंद पेटीत ठेका नेमका ऐकू येतो.

एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) मागितला तर देतो, आवाजाला तो चांगलाच आहे. पण त्याच्या कडेत स्क्रू टिकत नाही आणि दमट हवेत तो फुगतो. कोकणात आणि मुंबईत पेटी जाणार असेल तर आम्ही आयएस 710 छापाचा, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन, प्लाय सुचवतो. महाग पडतो, पण पावसाळ्यानंतर सांधे उघडत नाहीत.

ड्रायव्हर हातात आल्याशिवाय आम्ही भोक पाडत नाही, यावर काही जण नाराज होतात. दहा इंची ड्रायव्हर म्हणजे 254 मिमीचं भोक नव्हे. बहुतेकांना ते 230 च्या आसपास लागतं, आणि कंपनीगणिक बदलतं. चार-पाच मिमी जास्त गेलं तर स्क्रूला लाकूडच उरत नाही. ड्रायव्हर आमच्याकडूनच घ्यायला हवा असं नाही. कुठूनही आणा, आम्ही मापून भोक पाडू.

ऑर्डर देताना ड्रायव्हरचं मॉडेल, त्याचे एफएस, क्यूटीएस, व्हास आणि तुम्हाला हवे असलेले आतले लिटर लिहून पाठवा. बाहेरची मापं आम्ही काढून देतो, त्याचे पैसे नाहीत. तो कागद तुम्ही पाहून होकार दिला की मगच करवत चालते. त्यानंतर माप बदललं तर नव्या फळीचे पैसे घ्यावे लागतात. चिकटवल्यावर सांध्यांना आतून सिलिकॉन लावाल तेव्हा ते पूर्ण दिवसभर वाळू द्या आणि मगच ड्रायव्हर बसवा. बंद पेटी असेल तर कोन हलक्या हाताने सगळीकडून सारखा दाबून सोडा. तो सावकाश वर आला तर सांधे बंद आहेत. लगेच उसळला तर कुठेतरी फट आहे, फोन करा, कुठे शोधायची ते सांगतो.