नेथन फील्डचे पत्र

लंडनचा नट व नाटककार नेथन फील्ड (जन्म १५८७) याने १६१६ मध्ये धर्मोपदेशक टॉमस सटन यांना लिहिलेले निषेधपत्र. त्या काळच्या नटांच्या समर्थनपर लेखनात ते सर्वांत धीट म्हणावे लागेल.

टेम्सच्या दक्षिण तीरावरील सदर्क भागात ग्लोबसारखी नाटकगृहे होती आणि तेथील सेंट सेव्हियर्स (आजचे सदर्क कॅथीड्रल) हे अनेक नटांचे चर्च होते. शेक्सपिअरचा नट असलेला धाकटा भाऊ एडमंड याचे दफन १६०७ मध्ये येथेच झाले. नाटकगृहमालक फिलिप हेन्स्लो आणि गाजलेला नट एडवर्ड ॲलन यांनी या चर्चचा कारभारही पाहिला. त्याच चर्चमध्ये सटन यांनी भर उपासनेत, समोर बसलेल्या नटांच्या रोखाने त्यांच्या धंद्याची निंदा केली.

फील्ड उत्तर देतो ते एक श्रद्धावान ख्रिस्ती म्हणून. माझ्याच चर्चमधून तुम्ही मला हुसकावता, प्रभुभोजनापासून (चर्चमधील पवित्र भाकरी-द्राक्षरसाच्या विधीपासून) तोडता, ही त्याची मुख्य तक्रार. नटाचा धंदा निषिद्ध ठरवणारे वचन आपल्याला बायबलात कुठेच आढळत नाही, असे तो बजावतो. शिवाय इंग्लंडचा राजा जेम्स नटांना आश्रय देतो. मग त्या सर्वांना सरसकट नरकात धाडणे हा राजद्रोहच नव्हे का, असा त्याचा रोख आहे.

चार वर्षांपूर्वी, १६१२ मध्ये, टॉमस हेवुड या नटाने नटांच्या समर्थनार्थ पुस्तक लिहिले होते. ग्रीक-रोमन काळातील नटांचा मान, नाटकाने होणारे लोकशिक्षण, असा त्याचा युक्तिवाद. खून झालेल्या नवऱ्याचे भूत रंगभूमीवर पाहून नॉर्फकमधील लिन गावच्या एका बाईने आपणच नवऱ्याला मारल्याची कबुली दिली, अशी हकिगतही त्यात आहे. ती रंजक आहे खरी. पण ‘देवाच्या दारी नटाला जागा आहे की नाही’ हा खरा प्रश्न फील्डनेच सरळ विचारला.

फील्डचे वडील जॉन हे प्युरिटन (कर्मठ सुधारणावादी प्रोटेस्टंट) धर्मोपदेशक आणि नाटकांचे कडवे विरोधक होते. १५८३ मध्ये एका रविवारी पॅरिस गार्डन येथे अस्वलांच्या झुंजी चालू असताना प्रेक्षकांचा सज्जा कोसळून माणसे दगावली, तेव्हा हा देवाचा कोपच आहे, असे त्यांनी पुस्तिका काढून सांगितले. नेथन तान्हा असतानाच ते वारले. पुढे शाळकरी वयातच नेथनला लंडनमधील ब्लॅकफ्रायर्स नाटकगृहाच्या बालनटांच्या मंडळीत घेतले गेले. शेक्सपिअरच्या नाट्यसंग्रहात (१६२३) प्रमुख नटांच्या यादीत त्याचे नाव आहे.