गेस्ट कर्नेलला खरं सांगितलेलं बरं

एका खऱ्या मशीनवर चार व्हर्च्युअल मशीन (व्हीएम, सॉफ्टवेअरने उभी केलेली मशीन) चालतात हे आता नवीन राहिलं नाही, पणजी-म्हापशाच्या लहानसहान दुकानांचे हिशेबसुद्धा कुठल्यातरी क्लाउडवरच्या व्हीएममध्येच असतात. पण आतल्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या (ती गेस्ट, बाहेरचं खरं मशीन होस्ट) कर्नेलला, म्हणजे तिच्या गाभ्याला, हे माहीत असावं का? जुना विचार असा की नको, त्याला वाटूदे सगळं मशीन आपलंच. माझ्या मते ही लपवाछपवी महागात पडते.

कारण तो मग मालकासारखा वागतो, टायमर लाव, नेटवर्क कार्डाच्या रजिस्टरमध्ये (कार्डाला हुकूम द्यायच्या जागेत) लिही, आणि अशा वेळी प्रोसेसर त्याला थांबवून हायपरवायझरकडे, म्हणजे होस्टवर व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे जातो, तो काम उरकतो, मग परत आत. ह्याला व्हीएम एक्झिट म्हणतात, एका खेपेला प्रोसेसरच्या हजाराच्या घरात सायकल्स जातात. रायबंदरहून चोडणला एकेक कागद घेऊन दर वेळी फेरीबोट पकडण्यातला प्रकार. व्हर्टआयओ ह्या गेस्टसाठीच्या ड्रायव्हर पद्धतीने नेमकं हेच सुधारलं (रस्टी रसेलचं काम, लिनक्स २.६.२४ मध्ये, २००८ ला आलं): गेस्ट आणि होस्टच्या सामाईक मेमरीत एक रिंग (गोल फिरणारी यादी), गेस्टने पॅकेट्सचे पत्ते त्यात मांडायचे आणि सगळ्यांसाठी एकदाच हाक मारायची, होस्ट आधीच कामात असेल तर तीही नको.

२००३ मध्ये झेन हा हायपरवायझर बनवणाऱ्या केंब्रिजवाल्यांनी तर गेस्ट कर्नेलचा कोडच बदलला होता, कारण तेव्हाच्या इंटेल प्रोसेसरवर काही इन्स्ट्रक्शन्स कमी अधिकारात चालवल्या की एरर न देता गप्प दुर्लक्षित व्हायच्या, हायपरवायझरला पत्ताच नाही. २००५ पासून प्रोसेसरमध्येच सोय झाली, ती अडचण संपली.

लॉकची मात्र संपली नाही. एका वेळी एकाच सीपीयूने हात लावायच्या डेटासाठी कर्नेलमध्ये स्पिनलॉक असतो, दुसऱ्या सीपीयूकडे लॉक असेल तर हा जागीच गरगर फिरत वाट बघतो, खऱ्या मशीनवर ठीक आहे कारण लॉक क्षणात सुटतो. व्हीएममध्ये काय होतं, लॉक धरलेल्या व्हर्च्युअल सीपीयूलाच होस्ट बाजूला बसवतो, दुसऱ्या कोणाची पाळी म्हणून, आणि लॉकसाठी थांबलेले बाकीचे आपापला वेळ नुसतं फिरण्यात घालवतात. गेस्ट आहोत हे ठाऊक असलेला कर्नेल थोडं फिरून सरळ झोपतो, आणि लॉक सोडणारा हायपरकॉल करून, म्हणजे हायपरवायझरला थेट हाक मारून, त्याला उठवतो.

आणि हे कळतं कसं? बूट होताना कर्नेल सीपीयूआयडी (प्रोसेसरची ओळख सांगणारी इन्स्ट्रक्शन) विचारतो, तिथे केव्हीएमची, म्हणजे लिनक्समधल्या हायपरवायझरची, सही मिळते, अक्षरशः "केव्हीएमकेव्हीएमकेव्हीएम". मग कर्नेल स्वतःच्याच कोडमध्ये जागोजागी योग्य इन्स्ट्रक्शन्स चिकटवतो, त्यामुळे तोच कर्नेल खऱ्या मशीनवरही जवळपास नेहमीच्या कर्नेलइतकाच फास्ट.

घड्याळाचंही तसंच, केव्हीएम-क्लॉकमध्ये होस्ट सामाईक पानावर वेळेचा हिशेब लिहून ठेवतो, गेस्ट एक्झिट न घेता वाचतो. शिवाय आपल्याला प्रोसेसर मिळायला हवा होता तेव्हा होस्टने किती वेळ दिला नाही तेही गेस्टला कळतं, लिनक्सच्या टॉप कमांडमधला "एसटी"चा (स्टील, म्हणजे चोरलेला वेळ) टक्क्यांतला आकडा तोच. तो वीस-पंचवीसला पोचला असेल तर आपला कोड तपासत रात्र काढू नका, होस्टवर बहुधा गर्दी आहे.

मेमरीचं मात्र नुसतं कर्नेलला कळून भागत नाही. मेमरीतला खरा पत्ता टेबलांतून शोधायला खऱ्या मशीनवर नेहमीच्या पद्धतीत चार पायऱ्या, व्हीएममध्ये गेस्टची आणि होस्टची अशी दोन टेबलं एकात एक गुंतली की वाईटात वाईट २४ वेळा मेमरी वाचावी लागते, म्हणून मेमरीचे ४ केबीच्या तुकड्यांऐवजी २ एमबीचे मोठे तुकडे, म्हणजे ह्यूज पेजेस वापरायची, पायऱ्या कमी होतात, आणि तीही दोन्हीकडे, एकट्या गेस्टमध्ये लावली तर पूर्ण फायदा नाही.