आज्ञा देण्याचा हक्क कुठून येतो?

समुद्रावरच्या एका लुटारूला पकडून सिकंदरापुढे उभं केलं. समुद्रात असा धुडगूस का घालतोस, असं सिकंदराने दरडावून विचारलं. लुटारू म्हणाला, तुम्ही सगळ्या जगात घालता तोच मी घालतो. माझं जहाज एवढंसं, म्हणून मी दरोडेखोर, आणि तुमच्यापाशी आरमार, म्हणून तुम्ही सम्राट. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला संत ऑगस्टीनने ही गोष्ट सांगितली. ती घडली असेल, नसेल. ऑगस्टीन स्वतः बिशप होता, राजसत्ता उलथवायला निघालेला कोणी बंडखोर नव्हता. पण त्या लुटारूने टाकलेला पेच अजून सुटलेला नाही, आणि राज्यसंस्थेचा आज्ञा देण्याचा हक्कच नाकारणाऱ्या अराज्यवादाचा सगळा डोलारा त्याच पेचावर उभा आहे.

आधी शब्दाचा घोळ निस्तरू. ‘अराजक’ म्हटलं की बेबंदशाही डोळ्यांपुढे येते: जाळपोळ, लूटमार, बळी तो कान पिळी. ज्या ‘अनार्की’ला आपण अराजक म्हणतो, तिच्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मात्र ‘शासक नसलेला’ एवढाच. १८४० साली पिएर-जोसेफ प्रूदाँ या फ्रेंच विचारवंताने स्वतःला उघडपणे ‘अनार्किस्ट’ म्हणवून घेतलं, तेव्हा त्याला शासकाशिवायची व्यवस्था अभिप्रेत होती. मराठीत त्यासाठी ‘अराज्यवाद’ हा वेगळा शब्द आहे, तोच वापरलेला बरा.

आता समजा, तुमच्या घरासमोरचा रस्ता एका माणसाने तुम्हाला न विचारता दुरुस्त केला. मग तो दारात बिल घेऊन आला आणि पैसे देत नाही म्हटल्यावर त्याने तुम्हाला खोलीत कोंडलं. रस्ता कितीही झकास झाला असला तरी आपण त्या माणसाला खंडणीखोरच म्हणू. राज्यसंस्था हेच करते तेव्हा आपण त्याला कर आणि शिक्षा म्हणतो. रस्ता हवाच आहे, वादही रस्त्याबद्दल नाही. एरवी कोणालाही नसलेली ही मुभा त्या एका संस्थेला कोणी आणि कशी दिली, एवढाच प्रश्न आहे. राज्यसंस्थेचा दावा दुहेरी असतो. बळ वापरण्याचा हक्क तर तिला हवाच, शिवाय तिची आज्ञा ‘आज्ञा आहे म्हणून’ पाळणं हे तुमचं नैतिक कर्तव्य आहे, असंही ती सांगते.

मराठीतला ‘अधिकार’ हा शब्द इथे गंमत करतो. एखाद्या विषयातली अधिकारी व्यक्ती आणि कचेरीतला अधिकारी, दोघेही आपल्याला एकाच शब्दात भेटतात. रशियन अराज्यवादी मिखाईल बाकुनिनने ही गाठ सोडवली होती. बुटांच्या बाबतीत मी चांभाराचं ऐकेन, असं तो म्हणे; पण त्या चांभाराला माझ्यावर सत्ता गाजवू देणार नाही. डॉक्टरचं म्हणणं पटलं नाही तर दुसऱ्या डॉक्टरकडे जाता येतं, कोणाकडेही न जाण्याचीही मोकळीक असते. कायद्याच्या बाबतीत ही सोय नसते.

राज्यसंस्थेच्या बाजूचं सर्वांत जुनं आणि लोकप्रिय उत्तर म्हणजे संमती. १६८९ साली इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने मांडलं की, एखाद्या देशात राहणं, तिथल्या रस्त्यावरून चालणं हीसुद्धा मूक संमतीच. १७४८ मध्ये स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने त्यातली हवा काढली. झोपेत उचलून जहाजावर आणलेल्या माणसाला ‘तू जहाजावर राहिलास, म्हणजे कप्तानाची सत्ता तुला मान्य आहे’ असं सांगावं, तसं हे झालं, असं त्याचं म्हणणं. जहाज सोडायचं तर समुद्रात उडी घ्यावी लागते. आज ती उडी घेऊन कोणी पलीकडे पोहोचला, तरी तिथल्या किनाऱ्यावर दुसरा कप्तान उभा असतो. विशेष म्हणजे ह्यूम अराज्यवादी नव्हता, उलट स्थिर सत्तेचा चांगला पाठीराखा होता.

मग मतदान ही तरी संमती ना? अमेरिकन वकील लायसँडर स्पूनरने १८६७ ते १८७० दरम्यानच्या आपल्या पत्रकांतून याचंही उत्तर दिलं. तुमच्यावर सत्ता चालणारच असेल, तर ती त्यातल्या त्यात सुसह्य व्हावी म्हणून तुम्ही मत देता. ते स्वसंरक्षण झालं, संमती नव्हे. ज्यांनी मतच दिलं नाही किंवा विरोधात दिलं, त्यांचा तर प्रश्न तसाच उरतो.

‘फायदा घेता, मग आज्ञा पाळा’ हा युक्तिवाद रस्त्याच्या उदाहरणातच अडकतो. १९७९ मध्ये जॉन सिमन्स या तत्त्वज्ञाने संमती, कृतज्ञता, न्याय्य वाटा अशी एकेक समर्थनं तपासली आणि निष्कर्ष काढला की, बहुतेक नागरिकांवर कायदा पाळण्याचं सरसकट नैतिक बंधन सिद्ध होत नाही. याचा अर्थ उद्यापासून कायदे मोडत सुटावं असा होत नाही. खून वाईट, तो कायद्यात लिहिलंय म्हणून नव्हे. लिहिलेलं नसतं तरी तो वाईटच असता. माझ्या मते अराज्यवादाची सर्वांत भक्कम बाजू हीच, आणि तिला बाँब लागत नाही की बॅरिकेड.

पण मग ते बंधन आपल्याला इतकं खरं का वाटतं? इथे तत्त्वज्ञान थांबतं आणि प्रयोगशाळा सुरू होते. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅमने साध्यासुध्या माणसांना बोलावलं आणि पलीकडच्या खोलीतला माणूस चुकला की त्याला विजेचा झटका द्यायला सांगितलं, १५ व्होल्टपासून वाढवत ४५० पर्यंत. झटके खोटे होते, ओरडणारा माणूस सामील होता. बटण दाबणाऱ्याला ते माहीत नव्हतं. ४० पैकी २६ जण शेवटच्या बटणापर्यंत गेले. हा आकडा सर्वांना पाठ असतो. त्याच्या पुढचे कमी सांगितले जातात. सूचना देणारा प्रयोगकर्ता नसून सामान्य माणूस वाटावा अशी मांडणी केली, तेव्हा २० पैकी ४ जणच शेवटपर्यंत गेले. शेजारी बसलेल्या दोघांनी नकार दिला, तेव्हा ४० पैकी ४. सूचना तीच, बटणंही तीच. फक्त सांगणारा बदलला, किंवा ‘नाही’ म्हणणारं कोणीतरी बाजूला होतं.

अराज्यवादी हा प्रयोग आवडीने सांगतात, पण तो त्यांच्याही हातात सरळ बसत नाही. मानसशास्त्रज्ञ जेरी बर्गरने १५० व्होल्टपाशी थांबणारी सौम्य आवृत्ती करून पाहिली; तिचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. कचरणाऱ्यांना ठरलेल्या चार वाक्यांनी पुढे ढकललं जाई. त्यातलं ‘तुमच्यापुढे दुसरा पर्याय नाही’ हे चौथं, म्हणजे निखळ हुकमाचं वाक्य ज्यांना ज्यांना ऐकवावं लागलं, त्यांतल्या एकानेही पुढचं बटण दाबलं नाही. माणूस हुकमापेक्षा कामाच्या मोठेपणाला जास्त भुलतो, असं काही मानसशास्त्रज्ञ यावरून म्हणतात. तसं असेल तर नुसता हुकूमशहा हटवून भागणार नाही, कारण मोठेपणाचे मुखवटे राज्यसंस्थेबाहेरही भरपूर मिळतात.

आता दुसरी बाजू. हक्क सिद्ध झाला नाही तरी राज्यसंस्था लागतेच ना? मोठा मासा लहान माशाला गिळतो तो मात्स्यन्याय टाळायला दंडशक्ती हवी, हे आपल्याकडचे राजनीतिकार सांगत आले आणि १६५१ मध्ये इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्जनेही तेच सांगितलं. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिनने १९६८ मध्ये त्याला कुरणाचं उदाहरण दिलं: सामायिक कुरणात जो तो आपलं एक जनावर वाढवत जाणार आणि शेवटी कुरण उजाड होणार.

अमेरिकन अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉमने खऱ्याखुऱ्या कुरणांचे दाखले तपासले. स्वित्झर्लंडमधल्या ट्योर्बेल गावात १५१७ पासूनचा एक नियम होता: हिवाळाभर जेवढ्या गाई पोसू शकाल, तेवढ्याच उन्हाळ्यात सामायिक कुरणावर सोडायच्या. नियम मोडला तर दंड, आणि दंडाची निम्मी रक्कम तो वसूल करणाऱ्याला. म्हणजे डोळे उघडे ठेवण्यात त्याचाही फायदा. नियम होते, दंडही होता. पण ते बनवणारे आणि पाळणारे एकच होते. अशा अनेक व्यवस्थांच्या अभ्यासासाठी ऑस्ट्रॉमला २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मात्र अशा व्यवस्था टिकायच्या तर वरच्या सरकारने त्यांचा स्वतःचे नियम करण्याचा हक्क मानला पाहिजे, अशी अटही तिच्याच यादीत आहे. म्हणजे राज्यसंस्था मागच्या दाराने आत आलीच.

राज्यसंस्था मुळीच नसलेले समाजही अभ्यासले गेले आहेत. नाईलच्या वरच्या खोऱ्यातल्या नुएर लोकांवर मानववंशशास्त्रज्ञ एव्हान्स-प्रिचर्डचं पुस्तक १९४० मध्ये आलं. तिथे राजा नव्हता. खून झाला तर बिबट्याचं कातडं पांघरणारा मध्यस्थ गुरांच्या भरपाईवर तडजोड घडवी, पण ती लादण्याचं बळ त्याच्यापाशी नव्हतं. तडजोड फिसकटली की वैर चालूच राही. रक्तपाताचा हा हिशेब अराज्यवादी घाईने उरकतात, असं मला वाटतं. त्यावर ते महायुद्धांकडे बोट दाखवतात, तेही खोटं नाही. ओळखीपाळखीच्या गावात चालणारी व्यवस्था कोट्यवधी अनोळखी माणसांत कशी चालेल, याचं उत्तर मला त्यांच्याकडे अजून सापडलेलं नाही.

प्योत्र क्रोपोत्किन, जन्माने रशियन उमराव, पेशाने भूगोलतज्ज्ञ आणि अराज्यवादाचा सर्वांत विद्वान प्रवक्ता, फेब्रुवारी १९२१ मध्ये वारला. मॉस्कोतल्या अंत्ययात्रेसाठी बोल्शेविक सरकारने तुरुंगातल्या मोजक्या अराज्यवाद्यांना, परत येण्याच्या त्यांच्या शब्दावर, एका दिवसापुरतं सोडलं. आरोन बॅरन त्यांच्यातला एक. त्याने कबरीपाशी सरकारविरुद्ध जळजळीत भाषण केलं आणि दिलेल्या शब्दाप्रमाणे तो तुरुंगात परतला.