काय खावे, हे सांगून झाल्यावर

१९९४ साली फिनलंडमधील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि आहारशास्त्रातील एका लोकप्रिय गृहीतकाला जबर धक्का बसला. फळे आणि भाज्या भरपूर खाणाऱ्यांच्या रक्तात बीटा-कॅरोटीनचे (गाजरासारख्या भाज्या-फळांतील नारिंगी रंगद्रव्याचे) प्रमाण जास्त असते आणि त्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो, असे अनेक निरीक्षणांतून दिसले होते. मग तेच बीटा-कॅरोटीन गोळीच्या रूपात दिले तर काय होईल, हे पाहण्यासाठी धूम्रपान करणाऱ्या २९ हजारांहून अधिक पुरुषांवर ही चाचणी घेण्यात आली. गोळी घेणाऱ्यांमध्ये कर्करोग घटला तर नाहीच, उलट सुमारे १८ टक्क्यांनी वाढला. अमेरिकेतील तशाच दुसऱ्या एका चाचणीत धोका वाढलेला दिसल्यामुळे ती १९९६ मध्ये मुदतीपूर्वीच थांबवावी लागली.

पोषणाचे शिक्षण देणाऱ्या प्रत्येकाने ही घटना नीट समजून घ्यायला हवी, असे मला वाटते. एकेका पोषकद्रव्याच्या भाषेत आहार शिकवण्याची पद्धत रूढ झाली, त्याला सबळ कारण होते. ‘क’ जीवनसत्त्व मिळाले की स्कर्व्ही बरा होतो आणि मिठात आयोडीन मिसळले की गलगंड कमी होतो. उणिवेच्या आजारांत कारण एक आणि उपायही एक असल्यामुळे हा हिशेब अचूक बसला. हृदयविकार, मधुमेह, उच्च रक्तदाब यांच्या बाबतीत मात्र तो बसत नाही. कारण हे आजार अनेक वर्षांच्या एकूण खाण्यातून, शरीराच्या हालचालीतून, झोपेतून आणि अनुवंशातून मिळून घडतात.

म्हणूनच गेल्या तीन दशकांत अभ्यासाचा भर सुट्या घटकांकडून संपूर्ण आहाराच्या घडणीकडे सरकला. १९९७ साली प्रसिद्ध झालेली ‘डॅश’ चाचणी या बदलातील महत्त्वाचा टप्पा मानली जाते. तिच्यातील ४५९ प्रौढांचे वजन आणि मिठाचे प्रमाण मुद्दाम स्थिर ठेवले होते. फळे, भाज्या आणि कमी स्निग्धांशाचे दुग्धपदार्थ वाढवले होते आणि संपृक्त चरबी कमी केली होती. एवढ्या बदलाने वरचा रक्तदाब नेहमीसारखा आहार घेणाऱ्या नियंत्रण गटाच्या तुलनेत सरासरी साडेपाच अंकांनी उतरला, तर आधीच उच्च रक्तदाब असलेल्यांमध्ये तो अकरा अंकांहून अधिक घटला. यातील कोणत्या एका घटकाने हे साधले, असा प्रश्न विचारला तर समाधानकारक उत्तर मिळत नाही. आहारतज्ज्ञाने तो प्रश्न विचारणाऱ्याला संपूर्ण ताटाकडे पाहायला शिकवावे, हे बरे.

याच प्रवाहातून आजचा सर्वाधिक चर्चेचा विषय पुढे आला: अतिप्रक्रिया केलेले खाद्यपदार्थ, म्हणजे शीतपेये किंवा पाकीटबंद खाऊ यांसारखे कारखान्यात अनेक प्रक्रिया करून बनवलेले पदार्थ. साओ पावलो विद्यापीठातील कार्लोस मोंतेइरो यांनी २००९ पासून अन्नाची विभागणी त्यातील घटकांऐवजी प्रक्रियेच्या स्वरूपावरून करण्याचा आग्रह धरला, आणि २०१४ मध्ये ब्राझीलच्या राष्ट्रीय आहार मार्गदर्शिकेने ही विभागणी स्वीकारली. असे पदार्थ आरोग्याला बाधक ठरतात, हे त्यांचे म्हणणे सुरुवातीला मुख्यतः निरीक्षणांवर आधारलेले होते. २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील केविन हॉल यांच्या गटाने ते नियंत्रित परिस्थितीत तपासले. २० प्रौढांना महिनाभर संस्थेतच ठेवून दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेला आणि दोन आठवडे कमीत कमी प्रक्रिया केलेला आहार देण्यात आला. समोर ठेवलेल्या अन्नातील उष्मांक, साखर, चरबी आणि तंतू दोन्ही वेळी सारखे होते आणि हवे तितके खाण्याची मुभा होती. पहिल्या प्रकारचा आहार घेताना सहभागींनी दिवसाला सुमारे ५०० किलोकॅलरी अधिक खाल्ल्या आणि त्यांचे वजन सरासरी ०.९ किलोने वाढले. दुसऱ्या आहारावर ते जवळपास तितकेच घटले.

हा प्रयोग लहान होता आणि अल्पकाळाचा होता, हे शिकवताना सांगितलेच पाहिजे. जास्त खाणे नेमके कशामुळे झाले, याबद्दलही मतभेद आहेत. असे पदार्थ मऊ असल्याने लवकर गिळले जातात आणि दर घासात अधिक ऊर्जा देतात, हे एक स्पष्टीकरण; चव आणि पोत यांची हेतुपुरस्सर केलेली जुळणी हे दुसरे. शिवाय या वर्गात परस्परांहून फार वेगळे पदार्थ एकत्र येतात आणि त्या सर्वांचा आरोग्याशी असलेला संबंध सारखा नाही. ‘प्रक्रिया म्हणजे विष’ असे ठोकून देणारा शिक्षक लोकांचा विश्वास थोड्याच काळात गमावतो.

पुरावा किती भक्कम आहे आणि धोका किती मोठा आहे, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. माझ्या मते आज पोषणशिक्षणात सर्वाधिक मेहनत याच भेदावर घ्यायला हवी. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेले मांस पहिल्या गटात टाकले. तंबाखूही त्याच गटात असल्याने दोन्ही सारखेच घातक, असा समज जगभर पसरला. प्रत्यक्षात हा गट ‘कर्करोग होतो याचा पुरावा पुरेसा आहे’ एवढेच सांगतो, किती जणांना होतो ते सांगत नाही. रोज ५० ग्रॅम असे मांस खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, हा त्यासोबतचा अंदाज होता. समजा, एखाद्या समाजात शंभरांपैकी पाच जणांना आयुष्यात कधीतरी हा आजार होतो. तर रोज एवढे मांस खाणाऱ्यांमध्ये हा आकडा सहाच्या आसपास जाईल. ‘१८ टक्के’ आणि ‘पाचाचे सहा’ ही दोन्ही विधाने खरी आहेत, पण ऐकणाऱ्याच्या मनात त्यांतून उभी राहणारी चित्रे फार वेगळी असतात, आणि दोन्ही सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे.

जुलै २०२३ मध्ये साखरेऐवजी वापरल्या जाणाऱ्या ॲस्पार्टेम या कृत्रिम गोड पदार्थाबाबत हाच गोंधळ पुन्हा झाला. कर्करोग संशोधन संस्थेने त्याला ‘कदाचित कर्करोगकारक’ म्हटले, तर त्याच वेळी खाद्य-मिश्रकांची तपासणी करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने दररोज शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे ४० मिलिग्रॅम ही जुनी मर्यादा कायम ठेवली. पहिली संस्था धोक्याची शक्यता तपासते, तर दुसरी किती मात्रेपर्यंत काळजी नाही ते पाहते. दोघींचे काम वेगळे असल्यामुळे दोन्ही निर्णय एकमेकांना छेद देत नाहीत.

एवढे नेमके ज्ञान पोहोचवले तरी वागणे बदलतेच असे नाही. या क्षेत्रातील एका प्रमुख संशोधन नियतकालिकाने २००२ पासून ‘पोषणशिक्षण’ या आपल्या नावाला ‘वर्तन’ हा शब्द जोडला, तो याच अनुभवातून. उपाहारगृहांतील पदार्थांसमोर कॅलरी लिहिल्याने निवडीत पडणारा फरक सरासरी दोन टक्क्यांहून कमी असल्याचे २०२५ मधील एका व्यापक आढाव्यातून दिसले. चिलीने २०१६ पासून साखर, मीठ, संपृक्त चरबी किंवा उष्मांक जास्त असलेल्या वेष्टनबंद पदार्थांवर काळी अष्टकोनी चेतावणी सक्तीची केली, मुलांना उद्देशून केलेल्या जाहिरातींवर निर्बंध घातले आणि अशा पदार्थांची शाळांतील विक्री बंद केली. तेव्हा अशा चेतावणीच्या गोड पेयांची खरेदी जवळपास २४ टक्क्यांनी घटली. माहिती वाचायला वेळ, चष्मा आणि गणित लागू नये, आणि भोवतालची परिस्थितीही त्याच दिशेने बदलावी, हा त्यातून मिळणारा धडा आहे. लहान मुलांच्या बाबतीत उपदेशापेक्षा परिचय अधिक परिणामकारक ठरतो. नकोशी वाटणारी भाजी जबरदस्ती न करता आठ-दहा वेळा किंवा त्याहून अधिक वेळा चाखायला दिली तर अनेक मुले ती स्वीकारतात. बहुतेक पालक त्याच्या खूप आधी प्रयत्न सोडतात.

भूक कमी करणाऱ्या नव्या औषधांनी या व्यवसायासमोर वेगळेच काम आणले आहे. २०२१ मधील चाचणीत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचे वजन ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास उतरले, आणि औषध थांबवल्यानंतर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन-तृतीयांश परत आले. खाणे इतके घटते तेव्हा थोडक्या घासांतून पुरेशी प्रथिने, तंतू आणि सूक्ष्म पोषकद्रव्ये कशी मिळवावीत आणि स्नायूंची झीज कशी रोखावी, हे प्रश्न समोर येतात. ‘कमी खा’ हा सल्ला येथे निरुपयोगीच नव्हे, तर अपायकारक ठरू शकतो.

एवढ्या साऱ्या प्रयत्नांचे फळ मोजायचे कसे, ही अडचण अजून सुटलेली नाही. वर्गाच्या आधी आणि नंतर प्रश्नावली भरून घेणे सोपे असते, पण माणसे आपले खाणे कमी सांगतात, आणि ते मुद्दामच असते असेही नाही. १९९२ मधील एका लहान अभ्यासात, जड समस्थानिकांचे (नेहमीपेक्षा जड हायड्रोजन आणि ऑक्सिजन असलेले) पाणी पाजून शरीराने खर्चलेली ऊर्जा मोजली असता, वजन उतरत नसल्याची तक्रार असलेल्या सहभागींनी आपले खाणे सरासरी ४७ टक्क्यांनी कमी नोंदवल्याचे आढळले. त्यांनी स्वतः नोंदवलेल्या आकड्यांवर त्यांचा मनापासून विश्वास होता. मिठाबाबत मात्र बरा मार्ग उपलब्ध आहे: खाल्लेल्या सोडियमपैकी सुमारे ९० टक्के लघवीवाटे बाहेर पडत असल्याने २४ तासांची लघवी गोळा करून तपासता येते. ती गोळा करणे कंटाळवाणे असते, आणि रोजच्या खाण्यात चढउतार असल्याने एका दिवसाच्या नमुन्यावरून एका व्यक्तीची सवय ठरवता येत नाही. मात्र शिक्षणाआधी आणि वर्षभरानंतर पुरेशा मोठ्या गटाची सरासरी तपासली, तर त्या गटाने प्रत्यक्षात मीठ कमी केले की कमी केल्याचे फक्त सांगितले, हे त्यातून कळते.